आजारी मुलाची शुश्रूषा आणि आईबापांचें शिक्षण

मूल रुग्णालयांतून बरें होऊन घरीं आलें म्हणजे आजार संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः लहान मुलाच्या आजारपणाचा फारच थोडा भाग रुग्णालयांत जातो. ताप पहिल्यानें चढतो तो घरीं, जुलाब सुरू होतात ते घरीं, आणि डॉक्टरांकडे आतांच न्यावयाचें कीं आणखी एक रात्र वाट पाहावयाची, हा निर्णय होतो तोहि घरींच. त्या वेळीं उशाशीं ना डॉक्टर असतात ना परिचारिका. असते ती आई, नाहीं तर आजी, आणि पुष्कळ वेळां आमच्याच शाळेंत सातवी-आठवीच्या वर्गांत असलेली थोरली बहीण. तेव्हां बालशुश्रूषेचा विचार करावयाचा तर ह्या घरच्या मंडळींस वगळून तो करितां येणार नाहीं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचें नांव परिचारिकांच्या शिक्षणाशीं कायमचें जोडलें गेलें आहे. परंतु १८६० च्या सुमारास त्यांनीं शुश्रूषेवर जें लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें तें परिचारिकांचें क्रमिक पुस्तक म्हणून लिहिलेलेंच नव्हतें. प्रत्येक स्त्रीवर केव्हां ना केव्हां कोणाच्या तरी प्रकृतीचा भार पडतो, मग तें तान्हें मूल असो कीं घरांतील वृद्ध माणूस असो, आणि त्या वेळीं तिला विचार करण्यास कांहीं साहाय्य मिळावें, हा त्यांचा हेतु होता. पुढें १८६१ सालीं श्रमजीवी वर्गासाठीं ह्याच पुस्तकाची जी स्वस्त आवृत्ति निघाली, तींत त्यांनीं तान्ह्या मुलास सांभाळण्याविषयीं एक प्रकरण मुद्दाम घातलें. आणि तें लिहिलें धाकट्या भावंडास कडेवर घेऊन हिंडणाऱ्या मुलींना उद्देशून. स्वच्छ हवा, ऊब, बेताचें अन्न, अंगाची स्वच्छता, एवढ्याच गोष्टी त्यांत साध्या भाषेंत सांगितल्या आहेत. आमच्या मुलींच्या वर्गांत चौकशी केली तर ह्या प्रकरणाच्या वाचकिणी आजहि पुष्कळ सांपडतील.

मूल म्हणजे मोठ्या माणसाची आंखूड आवृत्ति नव्हे, ही गोष्ट परिचारिकेस प्रथम शिकवितात. नवजात मुलाच्या वजनांत सुमारें तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो; प्रौढ माणसाच्या शरीरांत हें प्रमाण शेंकडा साठाच्या आसपास येतें. शिवाय मुलाच्या शरीरांतील पाण्याची ये-जा झपाट्यानें चालते, म्हणून चार-सहा जुलाबांनीं मोठा माणूस नुसता थकतो, पण तेवढ्यानेंच तान्हें मूल सुकून जातें. वजनाच्या मानानें त्याच्या कातडीचा विस्तार मोठा, म्हणून तें लौकर गार पडतें. त्याच्या श्वासनलिका अरुंद, म्हणून थोडी सूज किंवा थोडा कफहि त्यास जड जातो. आणि सर्वांत मोठी अडचण ही कीं, आपणांस काय होत आहे हें त्यास सांगतां येत नाहीं. मोठा रोगी बोलतो. मुलाचें सर्व कांहीं पाहून ओळखावें लागतें. मुलाच्या परिचारिकेची अर्धी विद्या ह्या पाहण्यांत आहे. औषध कोणतें द्यावें हें डॉक्टरांचें काम. परंतु पाहण्याची विद्या आईला शिकवितां येते, आणि ती शिकविल्यानें मुलें वांचतात, हें आतां सिद्ध झालेलें आहे.

उदाहरणार्थ, श्वास मोजणें घ्या. खोकला तर प्रत्येक मुलास होतो. त्यांतील बहुतेक खोकले साध्या पडशाचे असतात व आपोआप बरे होतात; परंतु कांहींचा न्यूमोनिया होतो, आणि पांच वर्षांखालील मुलांचे बळी घेणाऱ्या रोगांत न्यूमोनिया आजहि अग्रभागीं आहे. हे दोन खोकले ओळखावयाचे कसे? नळी लावून छाती तपासणें आईस शक्य नाहीं. पण श्वास मोजणें शक्य आहे. मूल शांत असतां, रडत किंवा अंगावर पीत नसतां, त्याचा सदरा वर करावा आणि पोट-छातीच्या हालचालीकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे. अर्धें मिनिट मोजून दुप्पट करूं नये. कारण तान्ह्या मुलाचा श्वास एकसारखा चालत नाहीं, मध्येंच थबकतो, मध्येंच धांवतो. दोन महिन्यांच्या आंतील मुलाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या मुलाचे ५० किंवा अधिक, आणि एक वर्षापासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर तो श्वास जलद समजावा व मुलास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. श्वास घेतांना छातीचा खालचा भाग आंत खेंचला जात असेल, तर संख्या कितीहि असो, क्षणाचाहि विलंब करूं नये. आमच्याकडील आया ह्यासच 'पोट उडतें' असें म्हणतात. म्हणजे खूण त्यांच्या ओळखीची आहे. तिचा अर्थ काय आणि तींत घाई किती, एवढेंच सांगावयाचें राहिलेलें असतें.

येथें कोणी म्हणेल कीं, ज्या बाईस पन्नासापर्यंत आंकडे येत नाहींत तिनें काय करावें? गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांनीं १९८६ सालीं 'सर्च' ही संस्था काढली, तेव्हां हाच प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला. गांवच्या सुइणी अनुभवानें मोठ्या, पण बहुतेक निरक्षर. त्यांच्यासाठीं एक साधें यंत्र तयार करण्यांत आलें: एका मिनिटांत रिकामी होणारी वाळूची घटिका आणि तिच्या जोडीला तारेंत ओंवलेले मणी. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. ज्या बाईस दहापर्यंत मोजतां येतें तिला न्यूमोनिया ओळखतां येऊं लागला. आम्ही इतकीं वर्षें गणित शिकवीत आलों आहों. पण शिकणाराचें ज्ञान जेथें थांबतें तेथूनच विषयाला सुरुवात करावी, ह्या नियमाचें इतकें सुरेख उदाहरण कोणत्याहि अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत आमच्या पाहण्यांत आलें नाहीं.

ह्याच संस्थेनें पुढें १९९३ पासून नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा प्रयोग ३९ गांवांत चालविला. गांवांतीलच थोडेंफार शिकलेल्या स्त्रियांस आरोग्यदूत नेमून त्यांस बाळ तपासणें, तें उबदार ठेवणें, वजन करणें, स्तनपानास मदत करणें, जंतुदोषाच्या खुणा ओळखणें व प्रसंगीं इंजेक्शन देणेंहि शिकविलें. १९९९ सालीं 'लॅन्सेट' ह्या विलायती वैद्यकीय पत्रांत त्याचा वृत्तान्त आला. शेजारच्या गांवांशीं तुलना करितां नवजात बालकांचे मृत्यु शेंकडा ६२ नीं घटले होते. ज्या भागांत रुग्णालय दूर, रस्ता पावसाळ्यांत बंद आणि मूल पहिल्या महिन्यांत गेलें तर तें दैवावर घालण्याची रीत, त्या भागांत हा फरक पडला हें लक्षांत घ्यावें. ह्याच्याहि आधीं, १९७० सालीं, जामखेड येथें डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्यानें गांवानेंच निवडलेल्या स्त्रियांस आरोग्यसेविका करण्याचें काम आरंभिलें होतें. त्यांपैकीं कित्येकींस अक्षरओळखहि नव्हती.

आतां जुलाबांकडे वळूं. ह्या एका विषयांत आईबापांच्या शिक्षणाचा सर्व इतिहास आला आहे, म्हणून येथें थोडें थांबणें योग्य होईल.

जुलाबांनीं मूल दगावतें तें बहुधा जंतूंमुळें प्रत्यक्ष नव्हे, तर अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. नुसतें पाणी पाजलें तर तें आजारी आंतड्यांत नीट शोषलें जात नाहीं. पण पाण्यांत मीठ व साखर योग्य प्रमाणांत असतील तर साखरेच्या आधारानें मीठ आंत शिरतें व त्यांच्या मागोमाग पाणीहि शिरतें. हा व्यवहार जुलाब चालू असतांनाहि बिघडत नाहीं. १९६० ते १९७० ह्या दशकांत हें ज्ञान झालें होतें, पण तें पाणी रुग्णालयाच्या बाहेर, सामान्य माणसांच्या हातीं द्यावें किंवा नाहीं ह्याबद्दल मोठमोठे डॉक्टर साशंक होते. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले आणि बनगांव येथील छावणींत पटकीनें कहर केला. डॉ. दिलीप महालनबीस ह्यांच्यापाशीं शिरेंतून देण्याचें सलाइन अपुरें होतें. त्यांनीं मीठ, सोडा व ग्लुकोज ह्यांचें मिश्रण पाण्यांत कालवून तें ड्रमांत भरून ठेविलें, आणि रोग्यांचे आईबाप, भाऊ, बहिणी ह्यांनाच पेल्यांनीं तें काढून पाजावयास सांगितलें. पूर्वीं शंभर रोग्यांत सुमारें तीस दगावत होते. त्यांच्या देखरेखीखालीं हें प्रमाण चाराच्याहि खालीं आलें. त्या छावणींत परिचारिका फारशा नव्हत्याच. नातलग हेच परिचारिका झाले होते. महालनबीस ह्यांचें २०२२ सालीं देहावसान झालें. पद्मविभूषण हा सन्मान त्यांस पुढील वर्षीं, मरणोत्तर, मिळाला.

परंतु औषध सांपडलें म्हणजे तें घरोघर पोंचलें असें होत नाहीं. बांगलादेशांत 'ब्रॅक' नांवाच्या संस्थेनें १९८० सालीं दारोदार जाऊन प्रत्येक आईस हें पाणी करावयास शिकविण्याचें व्रत घेतलें, आणि दहा वर्षांत सुमारें १ कोटी २० लक्ष घरें पालथीं घातलीं. पुड्या तेव्हां खेड्यांत मिळत नसत. म्हणून तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी असें माप ठरविलें. शिकविणारी बाई व्याख्यान देत नसे. ती आईजवळ बसून थोडेसेच मुद्दे सांगे, आणि शेवटीं त्या आईनेंच आपल्या हातानें पाणी करून दाखवावयाचें असे. पगाराची पद्धतहि मोठी नामी होती. किती घरें केलीं ह्यावर पगार नव्हता. महिन्याभरानें निराळाच मनुष्य कांहीं घरीं अकस्मात् जाऊन आईस किती आठवतें तें विचारी, आणि आईच्या आठवणीवर शिकविणारीचा पगार ठरे. आम्हां शिक्षकांचा पगार ह्या पद्धतीनें ठरूं लागला तर महिनाअखेरीस आमच्यापैकीं किती जणांच्या घरीं चूल पेटेल, हा प्रश्न वाचकांनीं आम्हांस न विचारलेला बरा!

इतकें असूनहि प्रारंभीं एक विलक्षण गोष्ट आढळली. आयांना सर्व मुद्दे मुखोद्गत होते, परंतु मुलास जुलाब झाल्यावर तें पाणी प्रत्यक्ष पाजणाऱ्या फारच थोड्या. परीक्षेंत उत्तीर्ण आणि व्यवहारांत शून्य, हा अनुभव शाळेसहि नवा नाहीं. मग कारणें शोधूं लागले. पहिलें कारण हें निघालें कीं, शिकविणाऱ्या बायांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःस जुलाब झाले तर त्या गोळ्या घेत. शिकविणाराच्या मनांतील अविश्वास शिकणाराला न सांगतां कळतो. मग त्या बायांस हें पाणी शरीरांत कसें काम करितें तें नीट समजावून देण्यांत आलें, आणि गांवांत शिकवितांना त्या स्वतः तें पिऊन दाखवूं लागल्या. दुसरें कारण भाषेचें होतें. खेड्यांतील आया जुलाबांस एका नांवानें ओळखतच नव्हत्या. अंगावर पिणाऱ्या मुलाचे जुलाब निराळे, अजीर्णाचे निराळे, आंवेचे निराळे, आणि 'डायरिया' म्हणजे फक्त पटकीसारखे पाण्याचे जोराचे जुलाब. हें पाणी 'डायरिया'साठीं असें सांगितलें, म्हणून बाकीच्या तीन प्रकारांत त्यांनीं तें दिलें नाहीं. ह्यांत आयांची कांहींच चूक नव्हती; त्यांनीं शिकविणारीचा शब्द तंतोतंत पाळला होता. तिसरें कारण पुरुषांचें. त्यांना कोणी कांहीं सांगितलेंच नव्हतें, आणि ज्या घरांत नवरा व सासरा नाक मुरडतात त्या घरांत सून नवें औषध करण्यास धजत नाहीं. पुढें बाजारांत, मशिदींत, शाळांत पुरुषांच्या सभा घेऊं लागले, तेव्हां काम मार्गास लागलें.

आमच्या प्रांतांतहि हीच अडचण दुसऱ्या वेषांत भेटते. 'दांत येत आहेत, जुलाब व्हावयाचेच,' असें किती घरांत ऐकूं येतें! दांत येण्याच्या वयांत मूल रांगतें, सांपडेल तें तोंडांत घालतें, त्यामुळें जुलाब होतात; दांतांचा दोष त्यांत नाहीं. पण जोंपर्यंत ते 'दांतांचे' जुलाब आहेत तोंपर्यंत ते आजार नव्हेत, आणि आजार नव्हेत म्हणून त्यांवर उपायहि नाहीं, अशी ती विचारसरणी आहे. नुसतें 'अतिसार' म्हणून चालणार नाहीं. परिचारिकेनें आईच्या तोंडचा शब्द प्रथम विचारून घेतला पाहिजे.

आज जलसंजीवनीची, म्हणजे ओ. आर. एस. ची पुडी आंगणवाडींत व आशाताईंकडे फुकट मिळते, तेव्हां चिमटीच्या मापापेक्षां तीच वापरावी. पुडी मोठी असेल तर ती पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यांत एकदम मिसळावयाची असते. पेलाभर पाण्यांत ती सर्व ओतली तर मीठ फार होऊन अपाय होतो, आणि 'थोडी थोडी काढून' केली तर माप राहत नाहीं. पाणी पुडीवर लिहिलेलें असेल तितकेंच घ्यावें. केलेलें पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्यावें. घरांत पुडी नसली तर एक लिटर पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ असें करावें. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर सुमारें ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा ते एक लहान पेला, चमच्याचमच्यानें पाजावें. ओकारी झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां सावकाश सुरू करावें; 'पोटांत कांहीं राहत नाहीं' म्हणून सोडून देऊं नये. अंगावरचें दूध व नेहमींचें अन्न चालूच ठेवावें. ह्याच्या जोडीला चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या देतात, त्या जुलाब थांबले तरी मध्येंच बंद करूं नयेत. बाजारांतील कागदी डब्यांत मिळणाऱ्या गोड पेयांवरहि कांहीं काळ 'ओ. आर. एस.' हीं अक्षरें झळकत होतीं; २०२५ च्या ऑक्टोबरांत अन्नसुरक्षा प्राधिकरणानें तीं वापरण्यास मनाई केली. तशा पेयांत साखर फार व क्षार थोडे, म्हणून त्यांनीं जुलाब वाढण्याचाच संभव अधिक.

मुलास रुग्णालयांतून घरीं पाठवितांना जें शिक्षण दिलें जातें त्याविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नाहीं. एका रुग्णालयाच्या पायऱ्यांवर एक बाई कडेवर मूल व हातांत कागद घेऊन उभी असलेली आम्हीं पाहिली. कागद इंग्रजींत होता. आंत तिला सर्व समजावून सांगितलें होतें काय, असें विचारतां 'हो, सांगितलं की' असें ती म्हणाली. काय सांगितलें, असें विचारतां ती गप्प झाली. औषध दिवसांतून तीनदां पांच मिलिलिटर द्यावयाचें होतें. तिच्या घरांतील चमचा कोणता? पोहे खाण्याचा कीं चहाचा? दोहोंत दुपटीचें अंतर पडूं शकतें. आंत जिनें सांगितलें तिनें आपलें काम केलें होतें, आणि बाईनेंहि मान डोलावून आपलें काम केलें होतें. वर्गांत 'समजलें का?' असें विचारलें म्हणजे चाळीस मुलें एकसुरांत 'हो' म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार.

चांगली परिचारिका 'समजलें का?' असें विचारीतच नाहीं. 'ताई, घरीं गेल्यावर हें औषध कसें द्याल तें मला एकदां दाखवा बरं,' असें ती म्हणते, औषधाच्या टोपणावर किंवा मापाच्या पिचकारीवर पांचाच्या खुणेशीं बोट ठेवविते, आणि चुकलें तर 'मीच नीट सांगितलं नाहीं' म्हणून पुन्हां सांगते. ह्या एका वाक्यानें किती काम होतें! आजारी मुलाची आई आधींच अपराध्यासारखी असते. 'इतक्या उशिरां कां आणलेंत?' असें तिच्यावर चारचौघांत ओरडलें तर ती पुढच्या खेपेस लौकर येईल अशी कोणाची कल्पना असेल तर ती भ्रामक आहे. पुढच्या खेपेस ती येणारच नाहीं. किंवा येईल तेव्हां खरें सांगणार नाहीं. पोटावर डाग दिला होता, भगताकडे नेलें होतें, दुसऱ्या मुलाच्या बाटलींतलें उरलेलें औषध पाजलें होतें, ह्या गोष्टी डॉक्टरांना कळणें किती अगत्याचें असतें! पण त्या कळतात फक्त जेथें बोलणीं खावीं लागत नाहींत तेथें.

घरच्या चालीरीतींविषयींहि असाच विवेक हवा. सगळेंच जुनें टाकाऊ म्हणणारी परिचारिका आजीबाईंशीं पहिल्याच दिवशीं वैर करून बसते, आणि घरांत सत्ता आजीबाईंची असते. बाळाला हलक्या हातानें तेल लावून चोळणें चांगलें आहे. बाळंतिणीनें सवा महिना विसांवा घ्यावा, ही रीत तर सोन्यासारखी आहे. हातांत काळें मणी बांधण्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु जन्मतांच मध किंवा घुटी चाटविणें घातक होऊं शकतें. एक वर्षाच्या आंत मध मुळींच देऊं नये, कारण त्यांतील एका जंतूच्या विषानें तान्ह्या मुलास पक्षाघातासारखा विकार होतो. पहिलें पिवळसर दूध पिळून टाकणें म्हणजे हातचा ठेवा मातींत ओतणें होय. नाळेवर राख, शेण, हळद कांहींहि लावूं नये. ती कोरडी ठेवावी. पहिली आंघोळ निदान चोवीस तास लांबवावी. बाळंतिणीच्या खोलींत शेगडीचा धूर कोंडणें बाळाच्या छातीस बाधतें. बाळास ऊब पाहिजे हा आजीबाईंचा आग्रह मात्र अगदीं खरा आहे. फक्त ती शेगडीपेक्षां आईच्या अंगाची द्यावी.

ही ऊब म्हणजे नुसती मायेची भाषा नव्हे. १९७८ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेंतील बोगोटा शहरीं, अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठीं उबदार पेट्या पुरेनात, म्हणून डॉ. एडगर रे ह्यांनीं तीं मुलें आईच्या उघड्या छातीशीं बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारू आपलें पिलूं पिशवींत वागवितें, त्यावरून तीस नांव पडलें. बरींच वर्षें ती गरिबांची सोय म्हणून मानली जात असे. मग भारत व आफ्रिकेंतील चार देश मिळून पांच रुग्णालयांत एक मोठी परीक्षा झाली. तिचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलो वजनाच्या मुलांस जन्मतांच, प्रकृति स्थिर होण्याची वाट न पाहतां, आईच्या छातीशीं ठेवलें असतां मृत्यु एक चतुर्थांशानें कमी झाले. आईस बाळंतपणाचा थकवा असेल तर बापानेंहि सदरा काढून बाळ छातीशीं धरावें. त्याच्याहि अंगांत ऊब असतेच.

विलायतेंतील रुग्णालयांत एके काळीं आजारी मुलांच्या आईबापांस भेटीची फार थोडी मुभा असे. आई येऊन गेली म्हणजे मूल रडतें, सबब ती न आलेली बरी, असा युक्तिवाद होता. जेम्स रॉबर्टसन ह्यांनीं १९५२ सालीं रुग्णालयांत एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट काढून दाखविला कीं, जें मूल गप्प झालें तें रुळलें नसून निराश झालेलें आहे. १९५९ च्या प्लॅट समितीनें आईबापांस केव्हांहि भेटूं द्यावें, अशी शिफारस केली. आमच्या देशांत आई खाटेजवळून हललीच नाहीं. तिला तेथें गर्दी न मानतां कामास लावावें: अंग पुसणें, पाजणें, तापाची नोंद पाहणें, औषधाचें माप. चार दिवसांत ती जें शिकेल तें पुढें चौघां मुलांना उपयोगी पडेल. आणि एक विनंती आईबापांस. सुईची भीति घालून मुलास जेवूं घालूं नका, आणि सुई टोचतेवेळीं 'कांहीं दुखणार नाहीं' असेंहि सांगूं नका. 'थोडं दुखेल, मी हात धरते,' एवढें म्हटलें तर मूल रडेल खरें, पण तुमच्यावरचा त्याचा विश्वास जाणार नाहीं.

२०११ पासून सरकारनें घरगुती नवजात शुश्रूषेची योजना देशभर सुरू केली आहे. प्रसूति रुग्णालयांत झाली असल्यास आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं घरीं येतात. घरीं झाली असल्यास पहिल्या दिवशींहि येतात. त्या दिवशीं बापानें व सासूनेंहि घरीं थांबावें, अशी आमची सूचना आहे. रात्रीं दोन वाजतां गाडी बोलावावयाची कीं नाहीं हें ठरविण्याची पाळी आली तर ठरविणारे बहुधा तेच असतात. मूल पीत नाहीं, सारखें ओकतें, आंचके येतात, हाक मारली तरी डोळे उघडीत नाहीं, किंवा छाती आंत ओढली जाते, ह्यांपैकीं एकहि खूण दिसली तर उजाडण्याची वाट पाहूं नये. १०८ हा क्रमांक फिरविला असतां रुग्णवाहिका फुकट येते, आणि एक वर्षाच्या आंतील आजारी मुलास सरकारी रुग्णालयांत औषधोपचार व जाण्यायेण्याची सोयहि विनामूल्य आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा आंकडा घरांतील भिंतीवर, आजीच्या डोळ्यांस दिसेल इतक्या मोठ्या अक्षरांत, आजच लिहून ठेवावा.